मुका धबधबा

मालुटीच्या डोंगरात बर्फातला धबधबा कॅमेऱ्यात टिपायला केनेवे आपल्या मामाबरोबर कड्यावर चढली, तर पाणी गोठून मुकं झालेलं. म्हणूनच खालची किंकाळी ऐकू आली. मेंढ्या पळवणारे तिघे मेंढपाळाला काठ्यांनी झोडपत होते. एरवी धबधब्याच्या गर्जनेत कुणाला पत्ताही लागला नसता. कॅमेऱ्यातून तिला मेंढपाळाचा फुटलेला जबडा दिसला, भोवती लाल बर्फ. “फोटो काढू नकोस,” मामा कुजबुजला. “खटका वाजला तर आपलीही हाडं इथंच राहतील.” खाली एकाने मेंढपाळाच्या डोक्यावर धोंडा उगारला. केनेवेने बटण दाबलं. खटक्याचा आवाज बर्फाळ घळीत घुमला. धोंडा हवेतच थांबला. तिघांनी वर पाहिलं. मेंढपाळाला टाकून ते कडा चढू लागले. मामाने अंगावरची घोंगडी भिरकावून हातातली काठी तोलली. “आता दाबच, पोरी,” तो म्हणाला. “माझी काठी त्यांच्या तोंडावर पडायच्या आधी चेहरे टिप. नंतर ओळखू यायचे नाहीत.”