आईचं घर

"हेच माझं लहानपणचं घर," बऱ्याच वर्षांनी गावी आलेल्या तिनं फाटकाबाहेरूनच नवऱ्याला आणि लेकीला दाखवलं. जिन्याला पायऱ्या किती, कुठल्या खिडकीची कडी लागत नाही, सगळं तिला तोंडपाठ होतं. आत जायचं तिच्या मनात नव्हतं, पण लेकीनं धावत जाऊन बेल वाजवली. दार उघडणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी तिला लगेच ओळखलं. "अगंबाई, तू! ये, ये, आत ये." ती गहिवरली, आणि तिचे पाय आपसूक घराच्या मागच्या बाजूला वळले.

"आई, दार इकडे आहे!" लेक ओरडली.

"येऊ दे गं तिकडूनच," बाई कौतुकानं म्हणाल्या. "तिची आई वीस वर्षं आमच्याकडे भांडी घासायला यायची, पण कधी पुढच्या दारानं आली नाही."