मलमाची रिकामी डबी

मलमाची डबी अगदी चाटूनपुसून रिकामी होती. चिझुरुने ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"रोज दोन वेळा लावता ना?" डॉ. इवाकुराबाईंनी विचारलं.

"हो. सकाळी आणि अंघोळीनंतर," चिझुरु मान लववून म्हणाली.

सात वर्षांच्या कोहारुचा इसब मात्र चांगलाच भडकला होता. कोपरांच्या आतली आणि गुडघ्यांमागची कातडी लाल, जाड, खाजवून रक्ताळलेली. डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या.

"एवढं मलम लावूनही ही गत? मग आता इंजेक्शनच सुरू करावं लागेल."

कोहारुने आईची बाही घट्ट धरली.

डबी कशी रिकामी झाली ते चिझुरुला ठाऊक होतं. मलम कचऱ्याच्या पिशवीत गेलं होतं. पोरीच्या वर्गातल्या कुणाची तरी आई म्हणाली होती, मलमातल्या स्टेरॉइडने कातडी काळी पडते, विष अंगात मुरतं. झालं! शिकलीसवरली बाई, पण ऐकीव गोष्टीपाशी अक्कल गहाण. बरं, डॉक्टरांना तोंडावर नाही म्हणायची हिंमतही नाही. घरी मलम फेकायचं आणि इथे येऊन मान डोलवायची. आता खरं सांगायलाच हवं होतं. पण तोंड उघडेना, नुसते कान तापले.

"मीच पुसून टाकते," कोहारु एकदम म्हणाली. "चिकट लागतं म्हणून. आई रोज लावते."

"अस्सं! चोर सापडला तर," डॉक्टरीणबाई हसल्या. "मग इंजेक्शन राहू दे. आधी मलमच नीट लावून बघू."

चिझुरुने सुटकेचा श्वास सोडला, आणि आपण तो सोडला हे कळताच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण यापुढे पुसायचं नाही हं. दे वचन." करंगळीत करंगळी गुंफून वचन घ्यायला डॉक्टरांनी करंगळी पुढे केली.

कोहारुने दोन्ही हात पाठीमागे नेले. "करंगळीचं वचन मोडलं तर हजार सुया गिळाव्या लागतात, गाण्यातच आहे तसं."

"मग मोडू नकोस की!"

कोहारु आईकडे बघत राहिली.

चिझुरुने स्वतःची करंगळी पुढे केली.

"वचन माझ्याकडून घ्या, डॉक्टर. पोरगी एकदाही चुकलेली नाही."