मोठा काटा

घड्याळवाल्याने मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि नुसतं "हं" म्हणाला. तेवढ्यानेच नर्सबाईंच्या नवऱ्याचा जीव अर्धा झाला.

"सेल संपलाय," घड्याळवाला म्हणाला.

"संपेल कसा? खोक्यावर तीन वर्षं लिहिलंय. घेऊन वर्षही झालेलं नाही." नवरा काउंटरवर रेलला. "अहो, साधंसुधं घड्याळ नाही हे. पायलटचं आहे. स्टॉपवॉच आहे, दुसऱ्या देशाची वेळ दाखवतं, शंभर मीटर पाण्यात चालतं. एवढ्या किमतीत इतकं कुणी देत नाही. महिनाभर व्हिडिओ बघून, पारखून घेतलंय मी."

बाई बाजूच्या स्टुलावर टेकल्या होत्या. सकाळची ड्यूटी संपवून थेट इथे आलेल्या. पायांचे तुकडे पडले होते. विमानात त्या अजून बसल्या नव्हत्या. दुसऱ्या देशात त्यांचं कुणी नव्हतं, आणि पाण्याशी संबंध काय तो वॉर्डातल्या बेसिनपुरता. त्यांनी मागितलं होतं ते एवढंच: पांढरी तबकडी, ठळक आकडे आणि सेकंदाचा लांब काटा. नवऱ्याने आणलं हे. काळीभोर तबकडी, तिच्यात आणखी तीन चिमुकल्या तबकड्या, कडेने मुंग्यांसारखे आकडे आणि बाजूला बटणंच बटणं. पण तेव्हा कारखाना बंद पडून तो घरी बसला होता, आणि खोकं उघडताना कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा खुलला होता. बाई "छान आहे" म्हणाल्या. तेव्हापासून म्हणतच होत्या.

"साहेब, घड्याळात खोट नाही," घड्याळवाला म्हणाला. "हे बघा. हा मधला मोठा काटा स्टॉपवॉचचा. एरवी बारावर गप्प उभा असतो, बटण दाबलं की पळतो. हा साताजवळ अडकलाय. म्हणजे सेल संपला तेव्हाही स्टॉपवॉच चालूच होतं. रात्रंदिवस पळवलंत, तर सेल बिचारा किती पुरणार?"

नवरा बाईंकडे वळला. "अगं, काय मोजत होतीस एवढं?"

बाई जरा घुटमळल्या. वर्षभरात त्याने जे जे स्वतः निवडलं, त्याने दगाच दिला होता. जुना फ्रिज घेतला, तो गळायला लागला. धंद्याला भागीदार घेतला, तो पळाला. हे घड्याळ तेवढं टिकून होतं, तेही बाईंच्या कौतुकावर. पण खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. आज तो नव्हता.

"नाडी," त्या म्हणाल्या.

"नाडीला तो छोटा काटा आहे ना! खालच्या तबकडीत. सेकंदाचाच आहे तो."

"मला नाही हो दिसत तो. मुगाएवढी तबकडी. पेशंटचं मनगट धरू, की घड्याळ डोळ्याला लावू? पहिल्या दिवशी मी मोठ्या काट्याकडे बघत उभी, तो हलेचना. आजोबांची नाडी चालू आणि माझंच घड्याळ बंद! मग ते बटण सापडलं. काटा पळायला लागला. तो मी परत थांबवलाच नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? बटणांत अडकून हातमोजे फाटतात, हे सांगू? की ओल्या पट्ट्याने मनगटाला खाज सुटते, ते? अंधारात तेवढं छान दिसतं. ते सांगितलं की तुम्हाला."

घड्याळवाला दुनियादारी जाणणारा होता. त्याने खण ओढून दुसरं एक घड्याळ बाईंपुढे ठेवलं. पांढरी तबकडी, ठळक आकडे, लांब लाल काटा.

"ताई, यात काहीच नाही," तो म्हणाला. "नुसती वेळ."

"घे बाई, तूच बघून घे," नवरा हसायला गेला, पण हसू काही जमलं नाही. "आपल्याला कळतं काय त्यातलं."

बाईंनी घड्याळ उचललं आणि दुसरा हात पुढे केला. "हात द्या."

"माझा? कशाला?"

"तपासायला नको? आता इथे पेशंट कुठून आणू मी?"

त्याने हात दिला. बाईंची तीन बोटं सवयीने नेमकी जागेवर पडली. लाल काटा फिरू लागला. घड्याळवाला खाली मान घालून काळ्या घड्याळात नवा सेल बसवत होता. बाईंचे ओठ भराभर हलत होते, आणि काटा निम्म्यावर येईपर्यंत त्यांच्या कपाळाला आठी पडली होती.

काटा फेरी पूर्ण करून वर आला.

"चालतंय ना नीट?" नवऱ्याने विचारलं.

"घड्याळ चालतंय. तुमची एकशे बारा आली."

"जास्त आहे?"

"तीन जिने धावत चढून आलेल्या माणसाची असते एवढी. तुम्ही तर नुसते उभे आहात."

नवऱ्याने हात सोडवून घेतला नाही. तो काउंटरच्या काचेकडे बघत होता.

"तू ड्यूटीला गेलीस की होतं असं," तो हळूच म्हणाला. "रोजच होतं."

मग सांगायचं नाही का, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"थांबा, परत मोजते," त्या म्हणाल्या. घड्याळ त्यांनी काउंटरवर उपडं ठेवलं, आणि त्याचं मनगट धरून तशाच बसून राहिल्या.