थांबरेषेपासून वीस पावलं
दुपारी दोन चाळीस. लातूरच्या बायपासवर किल्लारीकडच्या रस्त्याचा सिग्नल पंचवीस मिनिटं लाल होता. नवं यंत्र थांबरेषेवर गाडी जाणवली तरच हिरवा द्यायचं. एका वस्तीला पाणी नेणारा टँकर मात्र वीस पावलं मागं, लिंबाच्या सावलीत उभा होता. सिग्नलच्या नियंत्रण कक्षातल्या जगदेवीनं कॅमेऱ्यात ते पाहून टँकरचालक मलप्पाला फोन लावला. “मामा, रेषेवर या, त्याबिगर हिरवा न्हाई.” “तिथं ऊन हाय. टायर घासलंय. फुटलं तर पाणी तू नेणार?” “वस्तीची पाण्याची पाळी आठ दिसांनी आलीय. हातानं हिरवा करायला साहेबांची परवानगी लागती, अन् साहेब फोन उचलंनात.” “मग यंत्रच सावलीत धाड.” तरी टँकर रेषेवर आला, दोन मिनिटं उन्हात थांबला आणि हिरव्यावर निघाला. वस्ती तासाभराच्या वाटेवर; साडेचारला तिथून नीलम्मानं जगदेवीला फोन करून विचारलं, “टँकर कुठं हाय, बाई?” पाच वाजेपर्यंत मलप्पानं जगदेवीचा एकही फोन उचलला नव्हता.