बोडीवरचा दगड

"मग राणी मेल्यावर पुढच्या राजानं छिन्नीनं तिचं नावच खोडलं," मधुकरराव मास्तर म्हणाले.

एकोणऐंशी साल. आंधळगावच्या शाळेत दुपारी बायांचा साक्षरता वर्ग चालायचा. मास्तर मासिकातून इजिप्तच्या एका राणीच्या मंदिराबद्दल वाचून दाखवत होते. मेल्यावरही तिला नैवेद्य पोचावा म्हणून डोंगराच्या पायथ्याशी ते बांधलेलं. तिच्या मूर्ती फोडून खड्ड्यात टाकल्या होत्या. हजारो वर्षांनी खोदणाऱ्यांनी तुकडे जुळवले.

"तो राजा तिचा कोण?" कौशल्याने विचारलं. तिला जोडाक्षरं याच महिन्यात वाचता येऊ लागली होती.

"सावत्र पोरगा."

"सांभाळ वं बाई, तुह्याही घरी एक आहे!" पुष्पाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

कौशल्या हसली नाही. "नाव नसलं, मंग नैवेद्य कोणाले पोचे?"

"त्यांच्या समजुतीनं, कोणालेच नाही."

कौशल्याची सवत शेवंता. दोन वर्षांच्या टेकचंदला मागे ठेवून गेली. कौशल्या घरात आल्यावर वर्षभराने शेतातल्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर शेवंताच्या नावाचा दगड बसवला. नवरा भैय्यालाल जुन्या वळणाचा, बायकोचं नाव तोंडाने घेत नसे. पाथरवटालाही 'घरच्या बाईचं नाव घाल' एवढंच म्हणाला. आता तोही नव्हता. पण दर पितृपक्षात नवमीला कौशल्या तिथे नैवेद्य ठेवायची. टेकचंदला आईचा चेहरा आठवत नव्हता. त्याच्यापाशी आईचा तो दगडच होता.

नवमीच्या आदल्या दिवशी टेकचंद धापा टाकत शाळेत आला.

"मास्तर, चला! माय दगडावर छिन्नी चालवून राहिली!"

दोघे पोचले तेव्हा कौशल्याच्या लुगड्यावर दगडाचा चुरा पडला होता.

"माह्या मायचं नाव खोडून राहिली, मावशे?" तिला तो आजवर कधी मावशी म्हणाला नव्हता.

"तू घरी जा, बापू. काम झालं का बोलावीन."

"काय बिघडवलं तिनं तुह्यं?"

"काहीच नाही."

"मंग कायले?"

"सांगितलं तर लोक तुह्या बापाले हसतील."

टेकचंदने छिन्नी हिसकावून घेतली. "मास्तर, मले वाचता येत नाही. किती उरलं तेवढं सांगा."

मास्तर वाकले. हाताने चुरा झाडला. शेवटचं 'बाई' तेवढं गेलं होतं. उरलेलं नाव त्यांनी आधी मनात वाचलं, मग मोठ्याने.

"कौशल्या."