पहिल्या गिअरमध्ये

“क्लचची वायर तुटली तर रडत बसू नकोस, पोरी. इंजिन बंद कर, पहिला गिअर टाक, आणि मग किल्ली फिरव. क्लच नसला तरी चालते ती.”

जुनी गाडी विकताना शेजारच्या फेस्टीने हे इतकं सहज सांगितलं होतं, की उनाला तेव्हा हसू आलं होतं.

आता येत नव्हतं. बेट आणि गाव यांच्यामधल्या ओल्या वाळूवर, अगदी मध्यावर, तिची गाडी उभी होती आणि ओहोटी संपली होती.

उभी केली होती ती आईसाठी. बेटावरच्या दफनभूमीत वर्षातून एकदा होणारी मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, आटोपून बाकीच्या गाड्या केव्हाच परतल्या होत्या. आई मात्र बाबांच्या थडग्यापासून हलता हलेना. आणि निघाल्यावर हा मधला दगड आला. बेटाकडे नेताना शवपेटी त्यावर क्षणभर टेकवतात. परतणारा तिथे थांबून एक प्रार्थना म्हणतो.

“गाडी चालू असतानाच म्हण ना, आई. पाणी फिरलंय.”

“तुझा बाप थांबला होता इथे. तूही थांब.”

उना थांबली. प्रार्थना झाली. निघायला म्हणून तिने क्लच दाबला, तर टक् असा आवाज झाला आणि पेडल पायाखाली लुळं पडलं. तिने तसाच गिअर टाकायचा प्रयत्न केला. आतून करकर करकर आवाज आला, दांडा हातात थरथरला, पण गिअर काही पडेना.

“फेस्टीने तुला गाडी विकली की प्रायश्चित्त दिलं?” आई म्हणाली.

“आई, आत्ता नको.”

फोनला रेंज नव्हती. इथे पाणी समोरून येत नाही. दोन्ही बाजूंनी येतं आणि मधे भेटतं. डावीकडे ते चकाकायला लागलंही होतं.

आईनेही ते पाहिलं. मग ती वेगळ्याच, मऊ आवाजात म्हणाली, “उना, तू चालायला लाग. तू पोचशील. माझी कंबर काही मला तिथवर नेणार नाही.”

“आणि तू?”

“मी बसते इथे. कुणालातरी पाठव.”

“कोण येईल पाण्यातून? गप्प बस.”

उनाने इंजिन बंद केलं. ते बंद करायला तिचा हात धजत नव्हता. म्हातारी बॅटरी, पुन्हा उठली नाही तर? गाडीत एकदम शांत झालं. वाळूवरून सरकणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. आता मात्र पहिला गिअर बिनबोभाट पडला. तिने किल्ली फिरवली. गाडीने एक हिसका दिला, हातभर पुढे गेली आणि मेली.

आईने डोळे मिटले. ती स्वतःशीच पुटपुटत होती, पण उनाला शब्द न् शब्द ऐकू आला.

“देवमाते, माझ्या लेकीला पलीकडे पोचव. मी डेलियाशी बोलेन. मी आधी बोलेन.”

उनाने चमकून तिच्याकडे पाहिलं. डेलिया म्हणजे बाबांची बहीण. भावाला गावातच पुरा, पाण्यापलीकडे नेऊ नका, मला मनात येईल तेव्हा जाता येणार नाही, असं ती म्हणाली होती. आईने ऐकलं नव्हतं. तेव्हापासून दोघी एकाच चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसायच्या.

“बघतेस काय? फिरव ना किल्ली.”

उनाने फिरवली. हिसका. दुसरा हिसका. तिसऱ्याला इंजिन खोकत खोकत सुरू झालं आणि गाडी उड्या मारत निघाली. उनाने ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला नाही. दुसरा गिअर टाकायची हिंमत तिला नव्हती; पहिल्यातच इंजिन भोकाड पसरून रडत होतं आणि ती वाट दाखवायला वाळूत रोवलेल्या एकेका खांबाच्या खुणेने पुढे जात होती. शेवटच्या खांबाजवळ चाकांखाली पाणी फुटलं, काचेवर उडालं. आईने जपमाळ इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

मग चाकांखाली खडे वाजले. चढ आला. डांबर लागलं.

उनाच्या घशातून हुंदक्यासारखं हसू फुटलं. आईने आरशात मागे पाहिलं. मधला दगड बुडाला होता.

“फेस्टीला सांग, गाडी बरी आहे,” ती म्हणाली.

मग दोघी नुसत्याच हसत राहिल्या, काच पुसायचंही सुचलं नाही. किनाऱ्यावरचं पहिलं घर जवळ आलं तशी आई हसायची थांबली.

“थांबव.”

“आई, आता थांबवली तर बंद पडेल. अशीच घरापर्यंत नेते.”

“पडू दे.”

“पुन्हा चालू नाही झाली तर?”

“मला काही लगेच परत यायचं नाहीये.”

उनाने ब्रेक दाबला. गाडी हिसका देऊन गप्प झाली. आईने दार उघडलं, आधी काठी खाली टेकवली, मग एक पाय, मग दुसरा. उना मदतीला उतरू लागली, तर तिने हातानेच तिला बसवलं. डोक्यावरचा रुमाल सोडला, नीट बांधला, आणि ती डेलियाच्या फाटकाकडे चालू लागली.