मूळ फोटो

“तुझी ताई गेली रे सकाळी,” भाऊजी फोनवर म्हणाले.

फोटोवाल्याच्या स्क्रीनवर कोणा मुलीचा पासपोर्टचा फोटो होता. हनुवटीवर दोन पुटकुळ्या होत्या. ऐकता ऐकता त्याने त्या पुसून टाकल्या. हे काम त्याच्या हातचा मळ होतं. आरशात दिसत नाहीत ते डागही कॅमेरा पकडतो, असं तो गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा. डाग दिसला की बोट आपोआप चालायचं. चेहरा कोणाचा आहे, हे बघायची गरजच पडत नसे.

“कधी नेणार?” त्याने विचारलं.

“चार वाजता. तू येशील असं मी धरलेलंच नाही. काम वेगळं आहे. घरात तिचा एक धड फोटो नाही. आजारपणात तर ओळखू येईना इतकी वाळली होती. तुझ्या लग्नाच्या वाढदिवसाला तू टायमर लावून सगळ्यांचा काढला होतास बघ, त्यात ती छान हसतेय. पेपरात द्यायला तेवढा पाठव.”

“बघतो.”

भाऊजी पुढे म्हणाले, “शेवटपर्यंत एकच घोकत होती. माझ्या पोरापायी भावाच्या लेकीचे कान गेले.”

“खरंच आहे ते,” फोटोवाला म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

स्टुडिओच्या कोपऱ्यात, छत्रीसारख्या मोठ्या दिव्याखाली, त्याची लेक चित्र रंगवत बसली होती. नऊ वर्षांची. घरात तिला चिमणी म्हणत, पण ती हाक तिने कधी ऐकली नव्हती.

ती दहा महिन्यांची असताना स्वयंपाकघरात चमच्यांचं अख्खं ताट खाली पडलं. शेजारीण धावत आली, पाळण्यातली पोर मात्र दचकलीसुद्धा नाही. मग तपासण्या झाल्या. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला विचारलं, “दिवस राहिल्यावर दुसऱ्या महिन्यात ताप, अंगावर पुरळ, असं काही?”

“आलं होतं. तीन दिवसांत गेलंही.”

“रुबेला. आईला किरकोळ, पोटातल्या बाळाला भारी.”

डॉक्टर पुढेही बरंच बोलत होते. लागण झाल्यावर पुरळ उठायला दोन-तीन आठवडे जातात, काहींना तर आपल्याला तो होऊन गेला हेही कळत नाही. पण फोटोवाल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याला चोर सापडला होता. त्या महिन्यात ताई आपल्या पोराला घेऊन सुट्टीला आली होती. एकोणीस तारखेला भाचा पुरळाने लालेलाल झाला आणि वीसला बायको. या दोन तारखा त्याला लेकीच्या जन्मतारखेइतक्या पाठ होत्या.

ताई फ्रॉकचा खोका घेऊन आली, तेव्हा त्याने तिला दारातच अडवलं. “पुन्हा माझ्या घराची पायरी चढू नकोस.” खोका उंबऱ्यावर ठेवून ती निघून गेली. पुढे लेकीच्या दर वाढदिवसाला तिच्याकडून पार्सल यायचं आणि तो ते न फोडता परत धाडायचा.

ताईला दारातून परत पाठवलं त्या रात्रीच त्याने भिंतीवरचा लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो उतरवला आणि नवा छापून लावला. त्यातून ताई गेली. मागून मामाच्या गळ्यात पडलेला भाचाही गेला. त्याचे हात त्याने इतक्या सफाईने पुसले, की सराईत नजरेलाही कळू नये. उरले फक्त नवरा-बायको, नितळ चेहऱ्याचे.

बायको आतून आली. पदराने डोळे पुसत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“चला, जाऊन येऊ. आता तरी.”

“नाही.”

“अहो, त्या लग्नाच्या वाढदिवसाला तुमचं डोकं दुखत होतं, तेव्हा वन्संनीच मांडीवर घेऊन बाम चोळला होता. आईच्या वर केलं त्यांनी तुमचं.”

“आणि तिच्या पोराने काय केलं? फोटो हवाय ना, देतो. त्यापुढे मला काही सांगू नकोस.”

चिमणीने येऊन त्याची बाही ओढली. आई का रडते, तिने हातांनी विचारलं. ओळखीचं कोणी गेलं, त्याने हातांनीच सांगितलं. एवढंच ना, अशा चेहऱ्याने ती पुन्हा रंगांकडे वळली. तिला आत्या अशी ठाऊकच नव्हती, आणि त्याबद्दल त्याला वाईटही वाटलं नाही.

जुन्या हार्डडिस्कमध्ये मूळ फोटो सापडला. त्याच महिन्याचा, दोन तारखेचा. काढला तसाच, हात न लावलेला.

त्याने ताईपासून सुरुवात केली. फोटो मोठा केला. ती हसत होती, पुढचा दात किंचित वाकडा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायला बोट गेलं, पण त्याने ते मागे घेतलं. लहानपणी याच बाईने त्याला बोट धरून शाळेत सोडलं होतं.

“असू दे,” तो पुटपुटला. “जशी होती तशी.”

फक्त भाच्याचं कोपर तिच्या खांद्यावर येत होतं. ते काढायला त्याने फोटो बाजूला सरकवला. कोपर, मग दंड, मग भाच्याचा चेहरा. तो रागाने त्या चेहऱ्यावर डाग शोधू लागला. एकही नव्हता. पोराचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता.

भाच्याने आपला गाल ज्या गालाला चिकटवला होता, त्यावर मात्र कानापासून कॉलरपर्यंत बारीक लाल पुरळ उठलं होतं. फोटोवाल्याचं बोट सवयीने चाललं. तीन-चार ठिपके पुसून झाले, आणि मग त्याने पहिल्यांदाच तो चेहरा कोणाचा आहे ते बघितलं. तो त्याचाच होता.